फुंकणीची अक्कलदाढ

मित्रांनो, मी एक जुनी अक्कलदाढ आहे, आणि जुनी असूनही बत्तिशीतली सगळ्यांत धाकटी मीच. पत्ता सांगायचा तर खालचा जबडा, उजवी बाजू, शेवटचं घर. माझ्यापाशी गल्ली संपते. इथे उजेड क्वचितच येतो. मालकीण जांभई देते किंवा खदखदून हसते, तेवढंच काय ते बाहेरचं जग मला दिसतं. बाकी सगळं मी ऐकते. हाडातून फार स्वच्छ ऐकू येतं. लोकांचं बोलणं तर येतंच, शिवाय गिळलेला आवंढा, दाबलेला हुंदका आणि ओठांपर्यंत येऊन परत फिरलेली शिवीसुद्धा मला कळते.

आधीच सांगून ठेवते, मला माझा थोडा अभिमान आहे. तुम्ही म्हणाल, दाढेला कसला आलाय अभिमान? पूर्ण ऐका, मग ठरवा.

माझी मालकीण प्राथमिक शाळेत पाढे पाठ करत होती, तेव्हा माझी घडण सुरू झाली. जबड्याच्या हाडात अगदी मागे, एका बारीकशा पिशवीत, मी डाळीच्या दाण्याएवढी होते. आधी माझं डोकं तयार झालं, मग खाली हळूहळू मुळं फुटली. वर तर केवढी धामधूम चालली होती! दुधाचे दात हलत होते, पडत होते, त्यांच्या जागी नवे येत होते. प्रत्येकाचं कौतुक व्हायचं. मालकिणीची आई तिला आरशासमोर उभी करून म्हणायची, "आ कर बघू. अगबाई, आला की हा पण!" मी खाली अंधारात ते ऐकत बसायचे. सगळे आपापल्या जागी रांगेत उभे राहिले, कामाला लागले, तरी मी आपली जमिनीखालीच.

त्याच काळात तिच्या हातात ट्रम्पेट आलं. हे पितळी वाद्य मोठं हट्टी असतं. ओठ घट्ट जुळवून फुंकायचं, आणि ओठांच्याच थरथरीतून सूर काढायचा. तिने पहिल्यांदा फुंकलं तेव्हा जो आवाज निघाला, तो ऐकून तिची थोरली बहीण शेजारच्या खोलीतून ओरडली, "अगं, घरात म्हैस शिरली की काय?" ताईचं काय सांगता, ती बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. पण मला तो आवाज वेगळाच वाटला. सगळा जबडा गुणगुणत होता. माझी मुळं अजून पुरती वाढलीही नव्हती, तरी ती शहारली.

शिक्षण संपलं आणि मालकीण शहराच्या अग्निशमन दलाच्या बँडमध्ये लागली. त्या बँडमधली ती पहिलीच मुलगी. बँडमास्तर म्हणजे मिशीतल्या मिशीत हसणारे आडदांड गृहस्थ. तिचं वाजवणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "घ्या! आपण जन्मभर आगी विझवतोय, आणि आता बँडात फुंकणी आली!" सगळा बँड हसला. तीही हसली. त्या दिवसापासून तिचं नाव फुंकणीच पडलं. मीही तिला तेच म्हणते.

आणि मग, मित्रांनो, मी वर आले.

अक्कलदाढ अक्कल घेऊन येते म्हणतात. मी घेऊन आले ती सूज. माझा दोष नव्हता तो. मी सरळच वर येत होते, पण माझ्या डोक्यावर हिरडीचा एक पदर राहिला होता. त्या पदराखाली अन्नाचे कण जाऊन बसायचे, आणि तिथे कितीही चूळ भरली तरी पोहोचायची नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. फुंकणीचा उजवा गाल टम्म फुगला. तोंड बोटभरही उघडेना. घास गिळताना कानापर्यंत कळ जायची. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव घेतलं गेलं, तेही असं: "मेली ही दाढ!"

नेमकी त्याच वर्षी बँडमधली एक मोठी जागा रिकामी होणार होती. मुख्य ट्रम्पेटवाला निवृत्त होणार होता. त्याच्यानंतर कोण, ते वर्षाअखेरीला सगळ्यांसमोर वाजवून घेऊन ठरायचं होतं. फुंकणीने त्या जागेसाठी जिवाचं रान केलं होतं. आणि आता ट्रम्पेट ओठांना लावलं तरी डोळ्यांत पाणी येत होतं.

घरात सल्ल्यांना काय तोटा! आई कोमट पाण्यात मीठ घालून पेला पुढे करायची. "चुळा भर. लगेच उपटायला निघू नकोस. अंगचं आहे ते." ताईचं मत याच्या अगदी उलट. ताई शिवणकाम करायची, गिऱ्हाइकांच्या मापांत आणि कापडांत तिचा दिवस जायचा. बोलताना तोंडात टाचण्या असायच्या, तरी बोलणं थांबायचं नाही.

"माझ्या चारही काढल्या की नाही? एकदाच काय ते दुखलं आणि कटकट मिटली. तूही काढून मोकळी हो."

"चारही?" फुंकणीने फुगलेल्या गालाने विचारलं.

"मग? एकेक काढून सण साजरा करणार आहेस का?"

दोघी हसल्या. हसताना फुंकणी कळवळली.

ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तरुण होता, दवाखानाही नवा. भिंतीच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. त्याने माझ्यावरच्या पदराखालची घाण हलक्या हाताने धुऊन काढली, औषध दिलं, आणि सूज उतरल्यावर एक्स-रे काढला. मग तो जे बोलला त्यात काही खोटं नव्हतं. "तुमचं वय लहान आहे. आत्ता जखम लवकर भरेल. पुढे हाड टणक होतं, तेव्हा काढायचं तर त्रास जास्त. वरच्या दोन राहू देत, त्या गुणी दिसतात. खालच्या दोन्ही काढू."

खालच्या दोन्ही! म्हणजे मी आणि डावीकडची माझी जुळी बहीण. आत्ता कुठे मी जेमतेम अर्धी वर आले होते. उजेड पाहिला नाही तोच निरोपाची भाषा सुरू झाली.

फुंकणी म्हणाली, "काढा. पण वर्षाअखेरीच्या आत सगळं भरून यायला हवं."

डॉक्टर तारीख ठरवणार, इतक्यात त्याने एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. बराच वेळ धरला. मग तो म्हणाला, "थांबा. ही उजवी मी काढणार नाही. हिच्या मुळांशी नस फार लगटून गेलीय. मोठ्या रुग्णालयात जबड्याच्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. उगाच धाडस नको."

त्याच्याविषयी माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे. आपल्याला काय जमतं ते सगळेच सांगतात, काय जमणार नाही ते त्याने सांगितलं.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या होत्या, पण आवाज असा की बाहेर बसलेल्यांनाही आपला नंबर लागल्यासारखं वाटावं. त्यांनी फुंकणीचं तोंड उघडलं, आरसा आत घातला आणि लख्ख दिवा माझ्यावर पाडला. इतक्या नीट मला कुणी पाहिलं नव्हतं. बोटाने त्यांनी मला हलवून पाहिलं. मी हलले नाही.

"काम काय करतेस?"

"बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते."

डॉक्टरीणबाईंनी आरसा खाली ठेवला. "हे आधी सांगायचं गं."

मग त्यांनी कागदावर जबडा काढून दाखवला. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो. त्या बोगद्यातून एक नस जाते, ती पुढे खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाऊन मिळते. ओठाला गरम, गार, स्पर्श, सगळं कळतं ते तिच्यामुळे. माझी मुळं त्या बोगद्याला अगदी चिकटून होती.

"म्हणजे दाढ काढताना नस तुटेल?"

"तुटेलच असं नाही. दुखावू शकते. बहुतेकांना काही होत नाही. काहींचा ओठ थोडे दिवस बधिर राहतो आणि मग ताळ्यावर येतो. फार थोड्यांचा कायमचा राहतो."

"थोड्यांचाच ना?"

"थोड्यांचाच. शिवणकाम करणारी बाई असती तर मी म्हटलं असतं, एवढा धोका पत्करायला हरकत नाही. तुझं सगळं काम त्या ओठावर आहे."

मग त्यांनी एकेक गोष्ट उलगडून सांगितली. डावीकडची माझी बहीण आडवी होती. शेजारच्या दाढेला ती ढुशा देत होती, आणि दोघींच्या मधल्या फटीत कीड लागली होती. तिची मुळं नसेपासून लांब होती. तिला काढायलाच हवं होतं. माझं तसं नव्हतं. मी सरळ होते, मला जागा होती, वरच्या दाढेशी माझी गाठ पडत होती. मला काढता येईल. किंवा डोक्यावरचा हिरडीचा पदर कापून मला राहू देता येईल. किंवा फक्त माझं डोकं कापून मुळं तशीच हाडात ठेवता येतील. तो तिसरा मार्ग ऐकून माझ्या मुळांना कापरं भरलं.

"तुम्ही सांगा डॉक्टर, काय करू?" फुंकणी म्हणाली.

"दाढ मी काढीन, पण मार्ग तुला काढायचाय. डावीचं आपण आधी करू. उजवीला आत्ता सूज नाही, घाईही नाही. विचार कर."

डावीकडच्या बहिणीचा निरोप मी हाडातूनच ऐकला. आधी सगळं बधिर झालं, मग करकर, मग एक खोल कट् असा आवाज, आणि मग तिथे पोकळी. आम्ही एकाच वर्षी घडलो होतो. ती कधी उजेडात आली नाही, तिने एक घासही चावला नाही. पण खरं सांगायचं तर ती गेल्यावर शेजारची दाढ मोकळा श्वास घेऊ लागली. वाईट वाटलं, तरी झालं ते योग्यच होतं.

जखम भरेपर्यंत फुंकणीने ट्रम्पेटला हात लावला नाही. ती भरली तशी ती पुन्हा बँडमध्ये जाऊ लागली. घरी ताईचा धोशा चालूच होता. "एक काढलीस, मेलीस का तू? दुसरीही काढ आणि विषय संपव. मी सांगून सांगून दाताच्या कण्या झाल्या."

"तू हातांनी शिवतेस ताई. ओठांनी नाही."

"अगं, पण डॉक्टर म्हणाल्या ना, फार थोड्यांना होतं?"

मनातून फुंकणीही काढण्याकडेच झुकली होती. पुन्हा गाल फुगला, आणि तो नेमका निवडीच्या दिवशी फुगला तर? ती भीतीही खोटी नव्हती. एकीकडे आग, दुसरीकडे फुफाटा.

आणि मग ती दुपार आली. डावीकडच्या शेजारच्या दाढेत कीड राहिली होती, ती भरून घ्यायला फुंकणी तरुण डॉक्टरकडे गेली. त्याने सुई दिली, दाढ कोरली, भरली. खालचा ओठ डावीकडे जड झाला होता. "उतरेल थोड्या वेळात," डॉक्टर म्हणाला. फुंकणी तिथून थेट अग्निशमन केंद्रात तालमीला गेली. बंबांच्या मागे एक लांबट खोली होती, तिथे तालीम चालायची. सगळे आपापल्या जागी बसले होते. बँडमास्तरांनी हात वर केला.

फुंकणीने फुंकलं. फुर्रर्र! नुसती हवा.

सगळे हसले. बँडमास्तर म्हणाले, "काय फुंकणी, आज भोक पडलंय का?" तीही हसली, ओठ जुळवले, पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. ओठ जुळलेत की नाहीत, ते तिला कळतच नव्हतं. मला आतून कळत होतं. अर्धा ओठ जागा होता, अर्धा झोपला होता, आणि हवा मधून वाट मिळेल तिथून पळत होती. तिसऱ्यांदा फुंकताना शेजारच्या वादकाने तिला रुमाल दिला. लाळ गळून तिच्या गणवेशावर उतरली होती, आणि तिला पत्ताच नव्हता.

ती रुमाल हातात धरून तशीच बसली. मग हसणं थांबलं. बँडमास्तर जवळ आले. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "दातांच्या डॉक्टरकडून आलीस ना? उतरेल ते. आज नुसतं ऐक."

"हो, उतरेल," ती म्हणाली. "पण मास्तर, नाही उतरलं तर कसं असतं, ते आज कळलं."

मास्तरांनी आपली खुर्ची ओढून तिच्याजवळ ठेवली आणि तिथे बसूनच उरलेली तालीम घेतली.

संध्याकाळी सुईचा अंमल उतरला. ओठाला मुंग्या आल्या, मग पाण्याचा गारवा कळला. फुंकणी गार पाण्याचा पेला ओठाला लावून बराच वेळ उभी होती. मग बाहेर येऊन तिने सांगितलं, "मी उजवी ठेवणार."

ताई फणकारली. "ठेव. मग दुखली की माझ्याकडे रडत येऊ नकोस."

आई म्हणाली, "येईल तर येईल. बहीण कशाला असते?"

डॉक्टरीणबाईंना फुंकणीने निर्णय सांगितला तेव्हा त्यांनी पाठ थोपटली नाही. उलट दम भरला. "ठेवायची म्हणजे विसरायची नाही. मागच्या कोपऱ्यात ब्रश पोहोचलाच पाहिजे, रोज. मधूनमधून दाखवायला यायचं. आत्ता चांगली आहे म्हणून ठेवतोय. उद्या कीड खोल गेली, सारखी सुजायला लागली, तर पुन्हा विचार करू. तेव्हा हट्ट करायचा नाही. कबूल?"

"कबूल."

माझ्या डोक्यावरचा पदर त्यांनी कापला. मी पुरती मोकळी झाले, हळूहळू पूर्ण वर आले आणि वरच्या दाढेला टेकले. पहिला घास चावला तो टोस्टचा. आजही मला त्याचा कुरकुरीत आवाज आठवतो. दोन दिवसांनी ताई आली आणि काही न बोलता एक लहान डोक्याचा, वाकड्या दांड्याचा ब्रश टेबलावर ठेवून गेली. ताईचं प्रेम असंच, टाचणीसारखं. आधी टोचतं, मग धरून ठेवतं.

वर्षाअखेरीची निवड झाली. चार जण वाजवणार होते. फुंकणीचं नाव पुकारल्यावर तिच्या दातांवर दात घट्ट बसले, त्यांत मीही होते. मग तिने जबडा सैल सोडला, श्वास घेतला आणि सूर लावला. तो सूर कसा होता, ते मी कसं सांगू? तुम्ही बाहेरून ऐकाल तर म्हणाल, छान होता. मी आतून सांगते, त्या सुरात सगळं हाड जागं झालं होतं. एकही दात गप्प नव्हता. वाजवून झालं. मग बँडमास्तर म्हणाले, "याला म्हणतात फुंकणी!" आणि जागा तिची झाली.

त्यानंतरची वर्षं कामाची. दाढेचं काम म्हणजे चावणं. त्याचं कौतुक कुणी करत नाही, आणि करावं असंही नाही. फुंकणीचं लग्न झालं, मुलगी झाली. तिचा नवरा बंबाचा ड्रायव्हर, घंटा वाजली की हातातला घास टाकून पळणारा. घरात घाई, बँडमध्ये घाई, मुलीचं दुखणंखुपणं. या धबडग्यात माझ्याकडे दुर्लक्ष होऊ लागलं. ब्रश यायचा, पण माझ्या आधीच्या दाढेपर्यंत येऊन परत फिरायचा. दाखवायला जाणं पुढे पुढे जात राहिलं. शेवटी माझ्या गालाकडच्या बाजूला एक काळा ठिपका पडला, मग खड्डा.

पुन्हा तोच डॉक्टर. आता त्याच्या दवाखान्याच्या भिंतींचे पोपडे निघाले होते आणि त्याला चष्मा लागला होता. तो फुंकणीवर चांगलाच चिडला. "एवढा खटाटोप करून ठेवलीत, ती किडवायला?" फुंकणी आ वासून बसली होती, तिला उत्तर देता येईना. बरंच झालं, कारण उत्तर नव्हतंच. खड्डा खोल नव्हता. त्याने तो भरला. त्या दिवसापासून ब्रश पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत येऊ लागला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा मान यानंतर आला. तोही एका पडण्यातून.

अग्निशमन केंद्राच्या मैदानात संचलन होतं. सकाळीच फरशी धुतली होती. फुंकणी बँडच्या पुढे चालताना घसरली आणि हनुवटीवर आपटली. ट्रम्पेट तिने वर धरलं, त्याला ओरखडाही गेला नाही. पण माझ्या शेजारची दाढ वरपासून मुळापर्यंत उभी चिरली. लहानपणापासूनची जुनी, खमकी दाढ ती. तिला वाचवता आलं नाही. ती काढावी लागली.

आता तिथे खिंड पडली. खिंडीच्या पुढे एक दाढ, खिंडीच्या मागे मी. डॉक्टरने एक्स-रे पाहिला. मला ठोकून पाहिलं. आणि तो हसायला लागला.

"काय झालं?" फुंकणीने विचारलं.

"ब्रिज बसवायचा म्हणजे पूल. पुलाला दोन्ही बाजूंना खांब लागतात. पुढे एक आहे. मागचा खांब कोण, तर ही बाई. ऐन तरुणपणात मी हिला काढायला निघालो होतो!"

"मग तुमचं चुकलं होतं म्हणा की."

"नाही हो," तो म्हणाला. "तेव्हा नस लांब असती आणि मी काढली असती, तरी ते बरोबरच ठरलं असतं. तुम्ही ठेवलीत आणि निगा राखलीत, मधली एक चूक सोडून. म्हणून ती आज उपयोगी पडतेय. किडकी असती तर तिच्यावर मी चिटोराही टेकवला नसता."

मला त्याने घासून थोडं लहान केलं. पुढच्या दाढेलाही. मग आम्हा दोघींच्या डोक्यावर टोप्या चढवल्या आणि मध्ये एक नवी दाढ बसवली. तिला मुळं नाहीत. तिचा सगळा भार आम्हा दोघींवर आहे. पहिल्यांदा फुंकणीने त्या बाजूने भाकरीचा तुकडा चावला तेव्हा मी तो भार तोलला, आणि मित्रांनो, मला काय वाटलं म्हणून सांगू! ज्या दाढेच्या नावाने घरभर शंख झाला, ती आता दोघींचं काम करत होती. त्यानंतर कितीतरी दिवस फुंकणी ज्याला त्याला तोंड उघडून दाखवायची. "ही बघा, माझी अक्कलदाढ. खांब आहे खांब!" समोरचा बिचारा मान डोलवायचा. काय दिसणार त्याला?

या अभिमानाची परीक्षा फुंकणीच्या मुलीच्या वेळी झाली.

मुलगी लहानपणापासून माझी गोष्ट ऐकत आली होती. ती मोठी झाली, जहाजावरच्या यंत्रांचं शिक्षण घेतलं, आणि लवकरच महिनोन्महिने समुद्रावर जाणार होती. त्याआधी तिच्या अक्कलदाढा दुखू लागल्या. डॉक्टरने तिचाही एक्स-रे काढला. खालच्या दोन्ही आडव्या झोपलेल्या. एकीभोवती पाण्याची पिशवी धरू लागली होती. नस दोघींपासून दूर होती. "काढा," डॉक्टर म्हणाला. "या राहून भलं करणार नाहीत."

घरी आल्यावर मुलगी स्वयंपाकघरात आईसमोर बसली. "आई, मी पण ठेवते. तू नाही का ठेवलीस? आपल्या घरच्या दाढा खमक्या असतात."

मी मनातल्या मनात फुशारले. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आता फुंकणी टेबलावर हात आपटून म्हणेल, शाब्बास!

फुंकणीने आवंढा गिळला, तो मी ऐकला. मग ती म्हणाली, "माझी सरळ होती म्हणून ठेवली. माझा ओठ जाण्याची भीती होती म्हणून ठेवली. तुझ्या आडव्या आहेत आणि एकीत पाणी धरलंय. भर समुद्रात गाल फुगला तर कुठला डॉक्टर येणार? माझ्या तोंडाचं माप तुझ्या तोंडाला लावू नकोस."

"म्हणजे काढू?"

"तुझं तोंड आहे. डॉक्टरला आणखी विचार, पाहिजे तर दुसऱ्यालाही दाखव. पण आईने ठेवली म्हणून ठेवू नकोस. तेवढं एक कारण धरू नकोस."

माझी फुशारकी क्षणात उतरली, आणि तिच्या जागी काहीतरी अधिक चांगलं आलं. एवढी वर्षं मी ज्या तोंडात राहिले, त्या तोंडातून इतकं शहाणपणाचं बोलणं निघालं, याचा मला पुलापेक्षाही मोठा अभिमान वाटला.

मुलीने दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवलं. त्यांचंही तेच मत पडलं. तिने दोन्ही काढल्या. आठवडाभर गाल फुगवून ती आइस्क्रीम खात बसली आणि मावशीला फोनवर म्हणाली, "तू म्हणतेस तेच केलं बघ, काढून मोकळी झाले." पलीकडून ताई काय म्हणाली ते फोनवरून मलासुद्धा ऐकू आलं: "आमच्या घरात एकीला तरी माझं पटलं!"

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्याही जबड्यात एक दिवस माझ्यासारखी कुणीतरी वर येईल. ती दुखली म्हणून तिच्यावर दात खाऊ नका, आणि दुखत नाही म्हणून तिला वाऱ्यावर सोडू नका. जाणत्या डॉक्टरला दाखवा, आपलं काम काय आहे ते सांगा, न लाजता प्रश्न विचारा. काढायची ठरली तर वेळेत काढा. ठेवायची ठरली तर मात्र रोज तिच्या दारापर्यंत जा.

मुलगी बंदरावरून निघाली तेव्हा फुंकणीने तिला जवळ घेतलं. गालाला गाल लागला. पलीकडे त्या गालाआड, जिथे माझ्यासारखी असायची तिथे, आता कुणीच नव्हतं. आणि तिथे काहीही उणं नव्हतं.